वाचायचा कंटाळा असेल तर उन्हाळ्यात काय वाचावं, आणि कोणत्या क्रमाने

शाळा-कॉलेज संपल्यावर ज्यांनी हौसेनं पुस्तक उघडलं नाही, किंवा उघडलं पण विसाव्या पानावर खूण घालून ठेवलं आणि ते तिथंच राहिलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः सावकाश वाचते. एखादं पान दोनदा वाचावं लागतं. जाड पुस्तक दिसलं की अजूनही हात मागे येतो. तरी उन्हाळ्याच्या दिवसांत माझी चार-पाच पुस्तकं शेवटपर्यंत वाचून होतात, आणि ती कोणत्या क्रमाने घेतली म्हणजे होतात हे मला आता पक्कं कळलं आहे.

भरपूर वाचणारी माणसं आपल्याला याद्या देतात. त्या मनापासून दिलेल्या असतात, पण त्यांत त्यांना आवडलेली पुस्तकं असतात. सवय नसलेल्या माणसाला आधी हे कळायला हवं की कोणतं पुस्तक आपल्या हातून संपेल. एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत गेलं की दुसऱ्याला हात घालायला धीर येतो. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो थोरवीचा नाही, संपण्याच्या सोयीचा आहे.

आधी पुस्तक आणा, पण विकत नको

विकत घेतलेलं पुस्तक कपाटात पडून राहू शकतं. वाचनालयातून आणलेलं परत करायचं असतं, आणि ती तारीखच आपल्याकडून वाचून घेते. महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा खूप जुनी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये सुरू झालं, मुंबईचं 1898 मध्ये. पण मोठ्या शहरातच राहायला हवं असं नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्यांत आणि गावांतही शासनमान्य वाचनालयं उभी राहिली. तुमच्या गावात ग्रामपंचायतीजवळ, एखाद्या देवळाच्या आवारात किंवा जुन्या वाड्याच्या माडीवर एखादं असण्याची शक्यता बरीच आहे. चौकशी करा.

सभासद होताना अनामत रक्कम आणि वर्गणी अशा दोन गोष्टी द्याव्या लागतात. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. पावती जपून ठेवा. बरीच वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि भर दुपारी बंद, शिवाय आठवड्याची सुट्टी असतेच. उन्हात खेप फुकट जाऊ नये म्हणून वेळ आधी विचारून घ्या. आणखी एक विचारा: कपाटापर्यंत जाऊ देतात का? काही ठिकाणी यादीत नाव शोधून चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक हातात यायचं अशी पद्धत असते. ज्याला नाव माहीत आहे त्याला ती चालते. नवख्याला मात्र कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं चाळता आली पाहिजेत.

सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असाल तर भिलारला थांबा. स्ट्रॉबेरीचं हे गाव मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकं ठेवली आहेत, आणि बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात फिरत आपल्याला काय आवडतं ते शोधायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पुस्तक उभ्या उभ्या तपासून घ्या

आधी अक्षर बघा. जुन्या आवृत्त्यांत टाइप बारीक असतो, कागद पिवळा पडलेला असतो, आणि आपण थकतो ते मजकुरामुळे नव्हे तर डोळ्यांमुळे. त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आहे का विचारा. मग मधलं कोणतंही पान उघडून वाचा. पहिलं पान नको, कारण पहिल्या पानावर लेखकाने बरीच मेहनत घेतलेली असते. मधल्या पानावर माणसं बोलताना दिसली आणि आपण न कळत पान उलटलं, तर पुस्तक घ्या. शेवटी एक प्रकरण किती पानांचं आहे ते मोजा. दहा-बारा पानांत संपत असेल तर एका बैठकीत होतं.

आणि प्रस्तावना सोडून द्या. मराठीत लांबलचक प्रस्तावना लिहायची पद्धत आहे, आणि ती बहुतेक वेळा पुस्तक आधीच वाचलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. पुस्तक संपल्यावर वाचलीत तर तीच फार गोड लागते.

पहिल्या आठवड्यात सुटे लेख

सुरुवात कादंबरीने करू नका. कादंबरीत काल कुठे होतो हे आठवावं लागतं, आणि दोन दिवस खंड पडला की सगळी नावं विसरतात. व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात ती अडचण नाही. एक माणूस, एक लेख, विषय संपला.

माझी पहिली शिफारस पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ची. ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ असं कुणी म्हणेल. नाव सगळ्यांना माहीत आहे, ध्वनिफितींमुळे चार वाक्यंही माहीत आहेत, पण पुस्तक वाचलेली माणसं त्या मानाने कमी भेटतात. अनुक्रमणिकेच्या क्रमाने जायची गरज नाही. लग्नसराईचे दिवस आहेत, तर ‘नारायण’पासून सुरुवात करा. दुसऱ्याच्या घरच्या लग्नातली सगळी कामं अंगावर घेणारा हा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो. लेखभर हसू येतं, आणि शेवटच्या परिच्छेदात ते थांबतं. कागदावर वाचताना तो बदल आपल्या वेगाने अंगावर येतो, ऐकताना तो निसटतो. त्यानंतर ‘अंतू बर्वा’ आणि ‘चितळे मास्तर’. एवढे तीन लेख झाले तरी पहिला आठवडा सत्कारणी लागला असं समजा.

दुसरं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. 1949 सालचं आहे आणि भाषा आजही ताजी आहे. सांगली, सातारा, सोलापूरच्या कडेचा तो कोरडा मुलूख, आणि त्यातली धर्मा रामोशी, झेल्या अशी माणसं. माडगूळकरांची वाक्यं आखूड असतात. विशेषणं जवळजवळ नाहीत. सवय नसलेल्या वाचकाला हा केवढा आधार आहे हे दोन पानं वाचल्यावर लक्षात येईल, कारण कुठेही अडखळायला होत नाही. या लेखांना लांबी कमी आहे, पण एक वाचून लगेच दुसरा घ्यावासा वाटत नाही. तेव्हा घेऊही नका. दिवसाला एक पुरे.

हे दोन्ही मिळालं नाही तर जुने दिवाळी अंक मागा. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात वर्षाला एक तरी अंक येत आला आहे. दिवाळीत वाचनालयात त्यांच्यासाठी रांग असते, मे महिन्यात मात्र ते नुसते पडलेले असतात. कथा, प्रवासवर्णन, एखाद्या विषयावरचा मोठा लेख, सगळं एका अंकात. नको ते सोडून पुढे जाता येतं, आणि अंक अर्धवट राहिला असं कुणालाच वाटत नाही.

डोळे कंटाळले तर कान

पाटीलकी, भुतंखेतं, गावच्या चावडीवरच्या गप्पा, असल्या कथा मुळात मोठ्याने सांगण्यासाठीच जन्मल्या. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. त्यांच्या कथांत म्हणूनच बोलण्याचा ठेका आहे. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा ‘व्यंकूची शिकवणी’ घरात एकाने मोठ्याने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या की याला चांगला वेळ मिळतो. वाचणाऱ्यालाही फायदा होतो: मोठ्याने वाचताना मन भरकटत नाही.

नाटकांची पुस्तकं हाही असाच मार्ग, आणि तो फारसा कुणी सुचवत नाही. नाटकात वर्णन नसतं, नुसते संवाद असतात. पु. लं.चं ‘तुझे आहे तुजपाशी’ घ्या. काकाजी एकाने, आचार्य दुसऱ्याने, अशा भूमिका वाटून एक अंक एका संध्याकाळी सहज होतो. एकट्याने वाचायचं असेल तर विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ते हलकं नाही, पण खाली ठेवता येत नाही.

पहिली कादंबरी: बनगरवाडी

सुटे लेख वाचून झाले, आणि ‘अजून थोडं हवं होतं’ असं दोनदा तरी वाटलं, म्हणजे कादंबरीची वेळ आली. माझ्या मते ती ‘बनगरवाडी’च असावी. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेली ही माडगूळकरांची कादंबरी लहानशी आहे. भाषा तुम्हाला ‘माणदेशी माणसं’मुळे ओळखीची झालेली असते. क्रम महत्त्वाचा म्हणते तो यासाठी.

गोष्ट औंध संस्थानातली. नुकताच मास्तर झालेला राजाराम सौंदणीकर धनगरांच्या एका वस्तीवर शाळा चालवायला पायी निघतो. वस्तीला शाळेची गरज वाटत नाही. पोरं मेंढरांमागे जातात. मग हळूहळू कारभारी, आनंदा रामोशी, आयुबू अशी माणसं त्याच्याभोवती जमतात. मास्तर पत्रं लिहून देतो, भांडणं मिटवतो, वस्तीत तालीम बांधायचं घेतो. आणि मग पाऊस येत नाही.

एवढंच कथानक आहे. कुठे रहस्य नाही, प्रेमकथा जवळजवळ नाही. तरी ती कादंबरी मे महिन्यात वाचावी असं मी सांगते, त्याला कारण आहे. दुष्काळाची ती शेवटची प्रकरणं बाहेर ऊन रणरणत असताना, विहिरीचा तळ दिसत असताना वाचली की त्यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. मराठवाड्यात, माणदेशात, नगरच्या पट्ट्यात ज्यांचं गाव आहे त्यांना तर ते घरचंच वाटेल. पुस्तकाशी नातं जडतं ते असं काही ओळखीचं सापडलं की. तीन किंवा चार दिवस द्या. एका दिवसात संपवायचा हट्ट नको.

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये यावर चित्रपट केला. तो नंतर बघा. आधी बघितलात तर कारभाऱ्याचा चेहरा कायमचा ठरून जाईल.

त्यानंतर आपल्या आवडीप्रमाणे

इथून पुढे सगळ्यांची वाट एक नाही.

शाळेचे दिवस आठवून ज्यांना बरं वाटतं त्यांनी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्यावी. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र. भाषा पोरांचीच आहे, तीत लाजण्यासारखं काही झाकलेलं नाही. ‘बनगरवाडी’पेक्षा बरीच मोठी आहे, पण पानं भराभर उलटतात. त्याहून हळवं काही हवं असेल तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, बेळगावकडची ती कानडी वळणाची मराठी, आणि त्याचं ते सारखं ‘मॅड’ म्हणणं. पहिल्या दहा पानांत भाषा थोडी परकी वाटेल. तेवढी पार करा, हे एवढ्यासाठी मी आवर्जून सांगते की सीमाभागातल्या बोलीत लिहिलेलं इतकं सुंदर पुस्तक केवळ सुरुवातीच्या अडखळण्यामुळे सुटणं फार वाईट.

गोष्टींत रमत नसाल, काहीतरी कळलं पाहिजे असं वाटत असेल, तर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गुलामगिरीत जन्मलेला एक काळा मुलगा अमेरिकेत वनस्पतींचा अभ्यासक कसा होतो आणि टस्कीगीच्या संस्थेत बसून दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी लावायला कसा शिकवतो, याची ही हकीकत 1981 पासून मराठी घरांत वाचली जाते. शेतीत असलेल्या माणसाला भेट द्यायला याच्याइतकं योग्य पुस्तक सुचत नाही. अनिल अवचटांचं ‘कुतूहलापोटी’ही याच वाटेवरचं. डॉक्टर असलेला हा माणूस निसर्गातल्या आणि शरीरातल्या गोष्टी आधी स्वतः समजून घेतो आणि मग शेजारी बसून सांगितल्यासारखा सांगतो.

विज्ञानकथा वाचायची असेल तर जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. त्यांनी पहिली कथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली तेव्हा स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं होतं, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. बक्षीस मिळालंच. कथा छोट्या, भाषा साधी, आणि शास्त्र तेवढंच जेवढं गोष्टीला लागतं. रात्री दिवे गेल्यावर घाबरायची हौस असणाऱ्यांनी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा शोधाव्यात. ‘खेकडा’पासून सुरू करा, पण लहान मुलांना ऐकवू नका.

वेळ, जागा आणि फोन

यावर फार लिहिण्यासारखं नाही. जेवणानंतर दुपारी आडवं होऊन वाचलं तर झोप येते, त्यात पुस्तकाचा दोष नसतो. सकाळी ऊन तापायच्या आत अर्धा तास बसा, खुर्चीवर. फोन दुसऱ्या खोलीत. एसटीने किंवा रेल्वेने गावी जात असाल तर पिशवीत पातळ पुस्तक ठेवा आणि वर ठेवा, सामानाखाली गेलेलं निघत नाही.

परदेशात किंवा परराज्यात असाल आणि मराठी वाचनालय जवळ नसेल तर ई-पुस्तकं आहेत. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आता स्वामित्वहक्कातून मोकळी आहे आणि मराठी विकिस्रोतसारख्या ठिकाणी अशी जुनी पुस्तकं फुकट वाचता येतात. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाचे बेचाळीस भाग आहेत, प्रत्येक भाग म्हणजे एक रात्र. रोज एक वाचला तर उन्हाळा पुरतो.

सोडून द्यायला शिका

दोन प्रकरणं वाचली, मन लागत नाही, तर पुस्तक परत करा. ताटात वाढलेलं टाकू नये हा संस्कार अन्नाला ठीक आहे, पुस्तकाला लावू नका. आवडत नसलेलं एक पुस्तक ओढत बसलं की पुढचा महिनाभर दुसरं कोणतंच उघडलं जात नाही.

याच कारणासाठी मोठ्या पुस्तकांबद्दल स्पष्ट सांगते. ‘मृत्युंजय’ किंवा ‘पानिपत’ ही पुस्तकं वाढदिवसाला, सत्काराला, बक्षिसाला दिली जातात, आणि सवय नसलेल्या माणसाचं पहिलं पुस्तक तेच ठरतं. दोन्ही पुस्तकांनी हजारो लोकांना वाचनाचं वेड लावलं हे खरं, पण पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या वर्षी ती आपोआप जवळ येतात.

घरात मुलं असतील तर

मुलांना ‘काय वाचलंस ते सांग’, ‘यातून काय शिकलास’ असं विचारू नका. सुट्टीत पुन्हा परीक्षा कुणाला हवी? भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’च्या गोष्टींतली एखादी अर्ध्यापर्यंत मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन रंगात कामाला उठा. फुरसुंगीचा बन्या पुढे कसा सुटला हे कळायला मूल स्वतः पान उघडतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचायला मिळतात. आपल्या लहानपणचा अंक काढून मुलांबरोबर वाचा. त्यातल्या गोष्टी तर चांगल्या आहेतच, चित्रंही बघण्यासारखी आहेत.

जून लागल्यावर

शाळा उघडतात, पाऊस येतो, वेळ कमी होतो. तरी वाचनालयाची वर्गणी बंद करू नका. या दिवसांत एकच पुस्तक चालू ठेवा, आणि ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ असू द्या. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, लग्नानंतर जी अक्षरं शिकली, तिने आपला संसार, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याचं ख्रिस्ती होणं आणि त्यानंतरची ताटातूट हे सगळं बोलल्यासारखं लिहून ठेवलं आहे. मराठीतलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक हेच. ते जाड आहे, पण लहान लहान प्रसंगांनी भरलेलं आहे, कुठेही थांबता येतं. संक्षिप्त आवृत्तीही मिळते. जमत असेल तर पूर्णच घ्या.

आणि ‘वनवास’ ज्यांना आवडलं त्यांनी परत करतानाच ‘शारदा संगीत’ आहे का विचारावं. त्यानंतर ‘पंखा’ आणि ‘झुंबर’, लंपनची अशी चार पुस्तकं आहेत. बाहेर गेलेलं असेल तर नाव नोंदवून ठेवा, आणि तोपर्यंत एखादा दिवाळी अंक घेऊन या.